इंजिन मोठं, टायर तेच

दहावी-बारावीच्या पोरांच्या गप्पांत हल्ली ‘स्वॅप’ हा शब्द सारखा येतो. कुरुंदा, वसमत भागातून दवाखान्यात येणाऱ्या मुलांकडूनच मी तो शिकलो. मोबाइलवरच्या शर्यतीच्या खेळात गाडीचं मूळ इंजिन काढायचं आणि तिथं दुसरं, बहुधा दांडगं इंजिन बसवायचं, याला पोरं स्वॅप म्हणतात. ‘कार पार्किंग मल्टिप्लेअर’सारख्या खेळात हे काम दोन-चार वेळा बोट लावलं की होतं. एक्सबॉक्स आणि संगणकावरच्या ‘फोर्झा होरायझन’मध्ये, प्लेस्टेशनच्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्येही ही सोय आहे. मग घरगुती छोटी गाडी भल्याभल्या स्पोर्ट्स कारला मागे टाकते आणि ऑनलाइन खेळणारी बाकीची मंडळी हा अन्याय आहे म्हणून ओरडायला लागतात.

पालक येतात ते वेगळ्याच तक्रारीने. डोळे दुखतात, झोप होत नाही, अभ्यास नाही, मोबाइल सोडवा. त्यावर या सदरात पूर्वी लिहून झालं आहे, आज तो विषय नाही. मी अशा मुलाला आधी एक प्रश्न विचारतो. इंजिन बदललंस, मग ब्रेकचं काय केलंस? बहुतेकांचं उत्तर एकच असतं : ‘सर, गेममध्ये ब्रेक लागतच नाही.’ काही जण मात्र थांबतात, विचार करतात आणि सांगतात की वळणावर गाडी सरळ निघून जाते म्हणून. ही दुसरी पोरं मला आवडतात, कारण त्यांच्याशी पुढे बोलता येतं.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गाडी घेऊ. मारुती ८००. १९८३ पासून २०१४ पर्यंत ती बनत होती. ७९६ सीसीचं इंजिन, सुमारे ३७ अश्वशक्ती, बारा इंची चाकं. समजा, खेळात तिच्यात ३७० अश्वशक्तीचं इंजिन टाकलं. शक्ती दहापट झाली. वेग दहापट होईल का? नाही. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. त्यामुळे दहापट शक्तीने कमाल वेग होतो दुपटीहून जरासा जास्त. पण त्या वेगाने धावणाऱ्या गाडीत साठलेली ऊर्जा मात्र साडेचारपटीहून जास्त होते, आणि थांबायचं म्हटलं की ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्याच जुन्या ब्रेकमधून बाहेर पडावी लागते. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग एका चाकाला साधारण तळहाताएवढा असतो. चार तळहात. पळणं, वळणं आणि थांबणं, तिन्ही कामं त्या चार तळहातांच्या पकडीवर चालतात, आणि पकड मर्यादित असते. ती सगळी पळण्यात खर्च झाली तर वळायला उरत नाही.

त्यात वजनाची भानगड आहे. मोठं इंजिन जड असतं आणि मारुतीसारख्या गाडीत ते पुढे बसतं. पुढचा भाग जड झाला की पुढच्या टायरांवर सगळा ताण येतो आणि वळणावर गाडी नाक फिरवायला तयार होत नाही. उलट जोरात रेस दिली की वजन मागे सरकतं आणि पुढून ओढणाऱ्या गाडीची ओढणारी चाकंच हलकी पडून जागेवर गरगरतात. चांगल्या खेळांत हे दाखवलेलं असतं. ‘फोर्झा’त इंजिन बदललं की पुढच्या बाजूला किती टक्के वजन आलं तो आकडाही बदललेला दिसतो. पोरं तो आकडा बघत नाहीत, अश्वशक्तीचा बघतात.

हे समजावायला कुरुंद्याच्या मुलांना पुस्तकाची गरज नाही. टोकाई साखर कारखान्याचं गाव आहे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाकं उचलतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. इंजिनात दम असतो, मागची चाकं रुतून जोर लावतात, मागचं ओझं ट्रॅक्टरला मागच्या आसाभोवती उलथवायला बघतं आणि पुढचं चाक अधांतरी होतं. त्या क्षणी स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. म्हणून जाणते चालक पुढे लोखंडी वजनं लावतात आणि ट्रॉलीची आडणी वर जोडत नाहीत. त्यातल्या कुणी भौतिकशास्त्राचा तास घेतलेला नसतो. पण जोर वाढला की तोल कुठून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता खेळ बनवणाऱ्यांची अडचण बघा. शेकडो गाड्या, प्रत्येकीत वेगवेगळी इंजिनं, मग बरोबरीची शर्यत लावायची कशी? ‘फोर्झा’मध्ये प्रत्येक गाडीला एक गुणांक मिळतो आणि त्यावरून डी, सी, बी, ए, एस-१ असे वर्ग पडतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत बैलाचे दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट करतात, तसंच काहीसं. पण दातांवरून वय कळतं, बैलाचं पाणी कळत नाही. गाडीच्या गुणांकाचंही तेच. शक्ती, वजन, टायर, ब्रेक या सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढला की त्या आकड्यात पळवाटा राहतात. कुणी टायर साधे ठेवून सगळे गुण इंजिनावर उधळतो. लांब सरळ रस्ता आला की तो सगळ्यांना धूळ चारतो, वळणांचा रस्ता आला की झाडात जातो. कुणी इंजिनाबरोबर चारही चाकांना जोर देणारी रचना बसवून घेतो. मग तीच एक गाडी सगळे घेतात आणि खेळ बेचव होतो.

खऱ्या मोटर शर्यतीत या रोगावर एक औषध काढलेलं आहे. जीटी-३ नावाच्या वर्गात निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या इंजिनांच्या गाड्या एकत्र धावतात. संयोजक वेगवान गाडीत वजन टाकतात, इंजिनाला मिळणाऱ्या हवेवर किंवा टर्बोच्या दाबावर मर्यादा घालतात आणि हे प्रमाण वेळोवेळी तपासून बदलतात. औषधाचा डोस रुग्ण पाहून बदलावा, तसं. ‘ग्रॅन टुरिस्मो’ने हीच पद्धत उचलली. तिच्या काही ऑनलाइन शर्यतींत खेळाडूने गाडीत केलेले फेरफार चालतच नाहीत, सगळ्यांना संयोजकांनी तोललेली गाडी मिळते.

डॉक्टरला या सगळ्याशी काय करायचंय? सांगतो. इंजिन बदलायचं आणि बाकी गाडी तीच ठेवायची, हा प्रयोग वैद्यकशास्त्राने माणसावर केलेला आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. भारतात हे यशस्वी व्हायला ३ ऑगस्ट १९९४ उजाडावं लागलं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या चमूने ते केलं. मुंबईत पुन्हा असं प्रत्यारोपण झालं ते ऑगस्ट २०१५ मध्ये, पुण्याहून आणलेल्या हृदयावर.

एवढा वेळ का लागला? मोठं कारण शरीराने परकं हृदय नाकारणं हे होतं, आणि सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर ते आटोक्यात आलं. पण दुसरं एक कारण स्वॅपवाल्या पोरांनी ऐकण्यासारखं आहे. ज्याचं हृदय वर्षानुवर्षं निकामी होत गेलं, त्याच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब हळूहळू वाढत जातो. त्याच्या जुन्या हृदयाचा उजवा कप्पा त्या दाबाला सरावलेला असतो. नवं हृदय धडधाकट माणसाचं, पण त्याच्या उजव्या कप्प्याला कमी दाबाची सवय. चांगलं हृदय जुन्या नळ्यांना जोडलं आणि उजवा कप्पा काही तासांत थकून बसला, असं घडू शकतं. म्हणून आज प्रत्यारोपणाआधी फुप्फुसातला दाब मोजतात, दाता आणि रुग्ण यांची शरीरयष्टी जुळते का ते पाहतात. दाब फारच जास्त आणि औषधाने न उतरणारा असेल तर नुसतं हृदय बदलत नाहीत.

आणखी एक गंमत. आपल्या हृदयाचा स्वतःचा ठोका मिनिटाला १०० च्या आसपास असतो. आराम करताना नाडी ७० लागते, कारण मेंदूतून येणारी व्हेगस नावाची नस ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून असते. प्रत्यारोपणात ही नस कापली जाते. त्यामुळे नव्या हृदयाचे ठोके विश्रांतीतही ९०-१०० असतात. शिवाय धावायला लागलं तर ते लगेच वेग घेत नाही. वेग वाढवणाऱ्या नसाही तुटलेल्या असतात, रक्तातून ॲड्रेनलिन पोचेपर्यंत त्याला वाट बघावी लागते. थांबल्यावर उतरतंही सावकाश. म्हणून अशा रुग्णांना व्यायामाआधी अंग गरम करायला आणि नंतर हळूहळू थांबायला जास्त वेळ द्यायला सांगतात.

प्रत्यारोपण आपल्या भागात क्वचितच कुणाच्या वाट्याला येतं. पण इंजिन फुगवण्याचा दुसरा प्रकार रोज दिसतो, आणि तो न बदलता केलेला स्वॅपच आहे. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. ईसीजीच्या कागदावर उंच उंच रेघा येतात. रुग्ण विचारतो, ‘म्हणजे हार्ट मजबूत झालं की काय?’ नाही हो. स्नायू वाढला, पण त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक केशवाहिन्या त्या मानाने वाढल्या नाहीत. भिंत ताठ झाली, त्यामुळे हृदय नीट सैल पडून भरत नाही. जास्त इंधन मागणारं इंजिन आणि नळी तेवढीच. अशा हृदयात ठोका बिघडण्याची आणि पुढे ते निकामी होण्याची शक्यता वाढते. व्यायामशाळेत स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांच्या हृदयातही भिंत जाड होणं आढळलेलं आहे. दंड फुगलेला आरशात दिसतो, हृदय दिसत नाही.

आता पुन्हा मोबाइलकडे. पडद्यावर गाडी वळणावर घसरते तेव्हा डोळ्यांना वेग दिसतो, कानांना इंजिनाचा आवाज येतो, पण शरीराला काहीच कळत नाही. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. वळणं, झुकणं, पुढे ढकललं जाणं यांची खबर त्या मेंदूला देतात. पलंगावर लोळून खेळणाऱ्याच्या अंतर्कर्णात शांतता असते. डोळे आणि कान यांची साक्ष जुळत नाही, म्हणूनच काहींना असे खेळ खेळताना मळमळतं. त्याहून महत्त्वाचं काम लहान मेंदूचं. आपण केलेल्या हालचालीचा परिणाम काय होणार, याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि चूक झाली की अंदाज दुरुस्त करतो. सायकल आपण अशीच शिकलो, गुडघे फोडून घेत. खेळात चुकीची किंमत दोन सेकंद. ‘फोर्झा’त तर रिवाइंडचं बटण आहे, अपघात झाला की काळ मागे नेता येतो. त्यामुळे दांडग्या इंजिनाचा फायदा लहान मेंदू नीट शिकतो आणि तोट्याचा धडा अर्धाच शिकतो.

मग हे खेळ मुलांना बेदरकार करतात का? इथे मला घाईने निकाल द्यायचा नाही. २००३ मध्ये ग्रीन आणि बावेलियर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की वेगवान ॲक्शन खेळ खेळणाऱ्यांची दृष्टीची सावधता सुधारते. दुसऱ्या बाजूला जर्मनीत पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शर्यतीचे खेळ आणि धोका पत्करण्याची वृत्ती यांचा संबंध मांडला. २००९ मध्ये त्यांनी त्यात बारकावा आणला. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल बक्षीस देणारे खेळ खेळल्यावर माणूस स्वतःकडे बेदरकार चालक म्हणून पाहू लागतो, आणि गाडं तिथं बिघडतं. मला हे पटतं. नियमात राहून ट्रॅकवर शर्यत लावणारा खेळ आणि भर रस्त्यात गाड्या उडवणारा खेळ यांना एका पारड्यात घालू नये. खेळातून खरे चालकही घडलेत. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’ची स्पर्धा जिंकून व्यावसायिक शर्यतींत उतरला. त्याच मार्डनबरोची जीटी-३ गाडी मार्च २०१५ मध्ये जर्मनीच्या न्युरबर्गरिंगवर एका उंचवट्याशी पुढून उचलली गेली, नाकाखाली हवा शिरली आणि गाडी कुंपणापलीकडे गेली. तो वाचला. एका प्रेक्षकाचा जीव गेला.

आपल्याकडे गाडीचं इंजिन बदलणारे थोडे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोरं सायलेन्सर बदलून फटाके फोडतात, आरसे काढतात, पोलीस ते सायलेन्सर रोलरखाली घालतात, हे चालूच असतं. मला काळजी आहे ती वेगळ्या स्वॅपची. घरात आठ अश्वशक्तीची स्प्लेंडर असते. मुलगा तिच्यावर शिकतो. हळदीचे पैसे आले की त्याच्या हट्टाखातर चाळीसहून जास्त अश्वशक्तीची मोटारसायकल येते. गाडीत दोष नसतो. कंपनीने इंजिनाबरोबर चौकट, टायर, डिस्क ब्रेक, एबीएस सगळं बदललेलं असतं. बदललेला नसतो तो चालवणारा. त्याची नजर, त्याचा हात, त्याचा लहान मेंदू अजून आठ अश्वशक्तीचाच असतो. आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्व होत असतो.

कोरड्या चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते आणि पुढे थांबायला साधारण २० मीटर घेते. ताशी १०० ला हेच आकडे २८ आणि ५६ होतात. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पसरलेली असली तर हा हिशेब विसरा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक.

या भागातून डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण बहुतेकदा नांदेडला न्यावा लागतो. त्या वाटेवरचा वेळ कसा वाया जातो ते सांगतो. पडलेला मुलगा उठून बसतो, बोलतो, ‘काही झालं नाही’ म्हणतो. घरचे त्याला घरी नेतात, झोपू देतात. कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मधली धमनी फाटली असेल तर रक्त साचायला काही तास लागू शकतात, आणि तोवर मुलगा अगदी शहाण्यासारखा वागतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, बरळणं, झटका, एक बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी जा. वेळेत कवटीला भोक पाडून रक्त काढलं तर असा मुलगा परत शाळेत जाऊ शकतो. आणि हेल्मेट घातलेलं असेल तर ते एकट्याने खसकन ओढून काढू नका. एकाने मान आणि डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्याने काढायचं. २००८ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट यात मोजू नका, ते माणसाआधी पडतं.

अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. बापाला हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

मुलाला मात्र कलम सांगून उपयोग नाही. त्याच्या खेळातूनच त्याच्याशी बोला. खेळात एकच गाडी दोनदा घ्यायला सांगा, एकदा मूळ इंजिनाची आणि एकदा स्वॅप केलेली, टायर आणि ब्रेक दोन्हीकडे तेच ठेवून. वळणांचा रस्ता निवडा, जमल्यास पावसातला. रिवाइंड बंद. प्रत्येक गाडीच्या दहा दहा फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहायची, धडकलेल्या फेऱ्यांसकट. सगळ्यात वेगवान फेरी मोठ्या इंजिनाची निघाली तरी वही मिटू नका. दहाही आकड्यांची बेरीज करायला लावा, आणि सगळ्यात चांगली फेरी व सगळ्यात वाईट फेरी यांतला फरक दोन्ही रकान्यांखाली त्याच्याच हाताने लिहून घ्या. वही पुढच्या वेळी दवाखान्यात आणली तर मलाही बघायची आहे.